जयवंताबाईंच्या वाट्याच्या शिव्या

जयवंताबाईंनी गाणं अर्ध्यावरच बंद करायला लावलं तेव्हा जयदीपला वाटलं, मावशींना भरून आलं. तो पाण्याचा गडवा घेऊन लगबगीनं पुढे झाला. जयवंताबाईंनी गडवा बाजूला सारला आणि विचारलं, "कोन मेलं बाप्पा?"

"म्हणजे, मावशी?"

"हे बासरी कोनाच्या मयतीत वाजून राह्यली?"

मयत झाली होती खरी, पण वर्षापूर्वी. जयदीपची आई कुसुमबाई गेल्या थंडीत वारली. तिची मुलगी दीपमाला ही जयवंताबाईंची सून, म्हणजे कुसुमबाई आणि जयवंताबाई एकमेकींच्या विहिणी. आदिलाबादजवळ, तेलंगणाच्या सीमेवरच्या त्यांच्या तलमडुगुच्या बाजूला विहिणीला ईन म्हणतात. कुसुमबाई गाणी रचायची, स्वतःच म्हणायची, आणि जायच्या आधी तिनं सात गाण्यांचा एक अल्बम केला होता. त्याचं नाव 'ईन बसली फुगून'. ही फुगून बसलेली ईन कोण, ते आदिलाबादपासून किनवटपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण सातही गाण्यांत जयवंताबाईंचं नाव घेऊन त्यांची साग्रसंगीत खरडपट्टी काढलेली होती. ऑटोवाले ती गाणी लावत, कापूस वेचणाऱ्या बाया फोनवर लावत, लग्नात तर ती लागतच.

जयदीप आदिलाबादला बँकेत साहेब. आईच्या वर्षश्राद्धाच्या निमित्तानं त्यानं तोच अल्बम नव्यानं करून आणला होता. यवतमाळची गाणं शिकलेली बाई, बासरी, संतूर, सगळं कसं मऊ मऊ. जयवंताबाईंचं नाव त्यानं काढलं होतं. चोर, नकटी, तोंडाळ हे शब्द काढून जिथं तिथं 'माउली' घातलं होतं. अल्बमाचं नवं नाव होतं 'मायेची सावली'. रविवारी संध्याकाळी आदिलाबादच्या एका फंक्शन हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि त्यात जयवंताबाईंचा शाल देऊन सत्कार होता.

"सत्कार कायचा?"

"तुम्ही एवढं सोसलं त्याचा," जयदीप म्हणाला. तो मनापासून बोलत होता, हे वाईट. "आईनं जन्मभर तुम्हाला बोल लावले, मावशी. गावोगाव तुमची बदनामी झाली. ती गेली, आता ते निस्तरायचं काम माझं. रविवारी नवीन अल्बम आला की जुना तेवढा यूट्यूबवरून काढून टाकतो. कुठंच राहणार नाही."

"अन् तुले कोनी सांगतलं, मले ते बोल लागले म्हनून?"

जयदीपनं बहिणीकडे पाहिलं. दीपमाला दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. "सांगाले कायले पायजे, आत्याबाई?" ती हळूच म्हणाली. "आईच्या गान्याले तुमी एकडाव तरी हसल्या काय? सारा मांडव हसे अन् तुमी तोंड फुगवून बसा. मी खाली मान घालून बसो."

जयवंताबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

आता याला काय म्हणावं! ही दोघं शिकलेली भावंडं याच मातीत वाढली, याच मांडवांत जेवली. विहिणीची पंगत म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं काय? मुलीकडची माणसं लग्न ठरल्यापासून मान खाली घालून असतात. तुमचं खरं, तुम्ही म्हणाल तसं, पाणी आणू का, पाट देऊ का. त्यांची म्हणून एकच वेळ असते, मुलाची आई जेवायला बसते ती. तेव्हा मुलीकडच्या बाया तिच्या पानासमोर उभ्या राहून तिला गाण्यात घोळून काढतात, आणि तिनं ते ऐकत जेवायचं असतं. तिनं चिडायचं नसतं, उठायचं नसतं आणि हसायचं तर मुळीच नसतं. हसली की हरली. म्हणून ती फुगून बसते. तो तिचा मान असतो, राग नसतो. जयवंताबाई वीस वर्षांत एकदाही हरल्या नव्हत्या, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ असा लावला की बाई दुखावली आहे!

जयवंताबाईंचा लेक भारत आणि दीपमाला यांच्या लग्नात हे सुरू झालं. इतर बाया जी गाणी म्हणतात ती कुणालाही चालतात. ईन काळी, ईन नकटी, ईनीचं पोट डेऱ्याएवढं. जयवंताबाई ती ऐकून ऐकून कंटाळलेल्या होत्या. तेवढ्यात पाठीमागून एक घोगरा आवाज आला, कुसुमबाईचा.

*नवी चप्पल चावे टाचंले, तरी चाले मुरडून,*
*जयवंता लंगडते कोपऱ्यात, मांडवात बसली फुगून*

जयवंताबाईंच्या हातातला बुंदीचा घास तसाच राहिला. चप्पल खरंच चावत होती. पहाटेपासून दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या, आणि वरमाय म्हणून मिरवायचं तर लंगडून कसं चालेल? नवऱ्याला कळलं नव्हतं, लेकाला कळलं नव्हतं. अख्ख्या वऱ्हाडात एकाच बाईनं त्यांच्या पायाकडं पाहिलं होतं, आणि तिनं त्याचं गाणं केलं होतं. जयवंताबाईंनी गालफड दातांत धरून हसू दाबलं, पान संपवलं, हात धुतले आणि मांडवामागच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. परत आल्या तेव्हा तोंड पुन्हा जागच्या जागी होतं.

तेव्हापासून बारसं असो, डोहाळजेवण असो, कुसुमबाई नवं गाणं घेऊन यायची. जयवंताबाईंनी तेलगू मुलखाच्या बाजारातून बैलजोडी आणली, तिला मराठी कळेना, तेलगूतलं 'पदा' म्हणजे 'चल' तेवढं कळे, तर तिचं झालं.

*जयवंतानं आनली जोडी तेलगू बाजारातून,*
*'चाल' म्हनलं तं हालत नाई, ईन बसली फुगून*
*'पदा' म्हनलं तं पळत सुटली, ईन पडली मागून*

एकदा जयवंताबाई, बसची तेलगू पाटी वाचता येईना आणि कुणाला विचारायला जीभ रेटेना म्हणून, तलमडुगुऐवजी पार निर्मलला जाऊन उतरल्या, तर महिन्याच्या आत त्याचंही गाणं. खबर जायची कशी? जयवंताबाईच पाठवायच्या. असं काही झालं की त्या सुनेला मोठ्यांदा बजावायच्या, "तुह्या मायले सांगू नोको बरं!" मग पुढच्या सणाची वाट बघायच्या.

आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी कुसुमबाई हाक द्यायची, "दे वं उत्तर, ईनबाई!" मग नुसती ढोलकी वाजायची, चार आवर्तनं. ती जागा समोरच्या विहिणीची. तिनं तिथं उलट गाणं टाकायचं. जयवंताबाईंना जिभेवर शिव्या होत्या, पण त्या यमकात बसत नव्हत्या. वीस वर्षांत त्यांनी त्या जागेत एक ओळ टाकली नाही. आदिलाबादच्या बँडवाल्याच्या खोलीत अल्बम केला तेव्हा जावई म्हणून भारतच सासूला जीपमधून घेऊन गेला होता. बँडवाला म्हणाला, आजी, ही रिकामी ढोलकी काढून टाकू, ऐकणाऱ्याला वाटेल रेकॉर्डिंग बिघडलं. त्यावर कुसुमबाईनं त्याला सुनावलं, "राहू दे तशीच. ते माह्या ईनीची जागा हाय. तिले सुचन तवा ते भरन." भारतनं घरी येऊन हे सांगितलं त्या दिवशी जयवंताबाई ज्वारीच्या वावरात जाऊन एकट्याच बडबडत हिंडल्या होत्या. काही जुळलं नव्हतं.

आणि आता त्या जागेत संतूर वाजत होतं.

"जयदीप," त्या शेवटी म्हणाल्या, "माय तुही व्हती. पन शिव्या माह्या हायत. तुले त्या काढाचा हक कोनी देल्ला?"

"मावशी, मुलगा आहे मी तिचा. हक्क माझाच आहे." जयदीपचा आवाज पहिल्यांदा चढला. "हैदराबादहून आमचे मोठे साहेब येणार आहेत. माझी आई बाहेर ओळखली जाते कशासाठी, तर विहिणीला चोर म्हणण्यासाठी! लोक तोंडावर हसतात माझ्या. माझी आई भांडकुदळ नव्हती."

"व्हती! एक नंबरची भांडकुदळ व्हती. तिच्यासारखी भांडनारी या जिल्ह्यात दुसरी झाली नाई. अन् तू तिले माउली करून राह्यला!"

जयदीप न जेवता उठून गेला. दीपमालानं परात आपटली. रात्री भाकरी थापता थापता ती एकदम म्हणाली, "त्या चोराच्या गान्यानं मले तोंड दाखवाले जागा राह्यली नव्हती, आत्याबाई. मी तुमचं घरातलं मायले सांगतलं, अन् तिनं त्याचं असं केलं."

ते अल्बममधलं शेवटचं गाणं.

*चोर वं बाई चोर, माही ईन मोठी चोर,*
*सुनेच्या भाकरीखाली तूप, वरून शिव्यांचा जोर*

"मंग? चोर नाई तं काय व्हती मी?" जयवंताबाई म्हणाल्या. "माही सासू जित्ती व्हती तवा. तुपाची बरनी तिच्या उशाशी राहे. तुह्या पोटात पहिलं लेकरू, अन् ते म्हातारी म्हने, सुनेले तूप देल्लं तं सून माजते. मी रातच्याले काढो अन् तुह्या भाकरीखाली घालो, अन् कोनाले शक येऊ नये म्हनून तुले मोठ्यानं बोलो. हे घरात कोनाले समजलं? तुह्या सासऱ्याले? भारतले? माह्या सख्ख्या भयनीले सांगतलं तं ते म्हने, तू सुनेच्या कह्यात गेली. एकट्या तुह्या मायनं त्याचं गानं केलं. चोर म्हनूनच केलं, पन केलं. मी बरी बाई हाव हे या दुनियेत एकाच ठिकानी रेकॉर्ड झालं, पोरी, अन् ते तुहा भाऊ पुसून राह्यला."

दीपमालाची भाकर तव्यावर करपली. तिनं ती उलटली नाही. पण रविवारी नवीन लुगडं काढून देताना तिनं एवढंच म्हटलं, "जयदीपच्या कार्यक्रमात तमाशा नोका करजा, आत्याबाई."

"मी कायले करीन तमाशा?" जयवंताबाई म्हणाल्या. हे त्या खोटं बोलल्या. भारतला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की फोनमध्ये जुना अल्बम असू दे आणि तू आवाजवाल्याच्या शेजारी बस.

हॉल भरला होता. बँकेतली माणसं, शाळांतले मास्तर, गावाकडच्या बाया एका बाजूला दाटीवाटीनं. कुसुमबाईचा फोटो हारात बुडून गेला होता, नुसते डोळे वर दिसत होते. यवतमाळच्या बाई चांगल्या गायल्या, खोटं कशाला बोला, त्यांचा गळा गोड होता. पण लोक माना खाली घालून ऐकत होते, आणि बैलाच्या गाण्याला, बैलाच्या गाण्याला!, मागे कुणीतरी नाक ओढलं. जयवंताबाईंच्या अंगाची लाही झाली. ज्या बाईनं हयातभर लोकांना जेवणाच्या पानावर ठसका लागेपर्यंत हसवलं तिच्या गाण्याला ही माणसं उदबत्ती दाखवत होती.

मग शाल आली. हैदराबादच्या साहेबांनी ती त्यांच्या खांद्यावर घातली, जयदीपनं माइक पुढे केला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

"दोन नाई पुरत," जयवंताबाई म्हणाल्या. "हे शाल मले कायची देल्ली ठावं हाय तुमाले? शिव्या खाल्ल्याची. अन् ज्या शिव्या खाल्ल्या त्या तं तुमी आयकल्याच नाई! आजपावेतो माह्या जिवाले जे लागलं ते कुसुम गेल्यावर लागलं, त्याच्या आंधी नाई. मले कोनाची माउली व्हाचं नाई. मी जयवंता हाव. मले माह्या नावानं शिव्या पायजेत. भारत, लाव रे!"

जयदीप पुढे धावला, पण भारतनं वायर आधीच जोडली होती. स्पीकर खरखरला. पहिल्यांदा खोकला आला, कुसुमबाईचा, बँडवाल्यानं न कापलेला. मग ढोलकी, आणि मग तो घोगरा आवाज हॉलभर पसरला. *चोर वं बाई चोर, माही ईन मोठी चोर.*

जयवंताबाई खुर्चीत ताठ बसल्या आणि सवयीनं त्यांचं तोंड फुगलं. सगळा हॉल त्यांच्याकडे पाहत होता. साहेब छताकडे पाहू लागले. गावाकडच्या बायांनी पदर तोंडाशी धरला, पण हसली एकही नाही. मेलेलीच्या गाण्याला हसायचं कसं, आणि जिवंत आहे ती तर समोर अशी बसलेली. जयदीप कपाळाला हात लावून उभा होता. दीपमालानं मान खाली घातली होती, वीस वर्षांपूर्वी मांडवात घातली होती तशीच.

तेव्हा जयवंताबाईंना कळलं की आपण नियम पाळत बसलो तर हे गाणं इथंच मरेल. कुसुम होती तोवर फुगून बसण्यात मजा होती, कारण फुगा फोडणारी समोर होती. आता ती नाही. आता त्यांनी हरल्याशिवाय कुणी हसणार नव्हतं.

"दे वं उत्तर, ईनबाई!" स्पीकरमधून कुसुमबाई ओरडली आणि ढोलकी एकटी वाजू लागली.

एक आवर्तन तसंच गेलं. दुसरंही गेलं. जयवंताबाई उठल्या, शाल खुर्चीवर टाकली, आणि माइक तोंडाशी धरून, सुराचा आणि त्यांचा काहीएक संबंध नसताना, गायल्या.

*कुसुम ईन मोठी शानी, अर्ध्या पंगतीतून उठली वं,*
*माह्या वाट्याच्या शिव्यांची शिदोरी पदरात बांधून नेली वं*

आवाज असा फाटला की माइक शिट्टी मारू लागला. ढोलकी संपली. यमक जुळलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते जिच्यासाठी जुळवायचं तिनं ऐकलं नव्हतं. जयवंताबाईंनी फोटोकडे पाहिलं. "चोर मले म्हनते," त्या फोटोला म्हणाल्या, "अन् पळून गेली कोन?"

पहिली दीपमाला हसली. तिला ते आवरलंच नाही. हसता हसता तिचा हुंदका निघाला आणि हुंदक्यातच ती पुन्हा हसली. मग गावाकडच्या बाया फुटल्या. मग मास्तर, मग बँकेची माणसं. साहेबांना मराठी कळत नव्हतं, शेजाऱ्यानं हिंदीत सांगितलं, मग तेही हसले, थोडे उशिरा. आणि जयवंताबाई सगळ्यांसमोर, तोंड उघडं टाकून, खांदे गदागदा हलवत हसल्या. हरल्या एकदाच्या. भारतनं कुणाला न विचारता बैलाचं गाणं लावलं, आणि लोक कडवं येण्याआधीच हसू लागले.

कार्यक्रम आटोपल्यावर जयदीप त्यांच्याजवळ आला. त्याचे डोळे लाल होते. "जुना अल्बम राहू देतो, मावशी," तो म्हणाला. "नवा बाहेर नाही आणत." थोडं थांबून म्हणाला, "हॉलमधलं रेकॉर्डिंग झालंय. तुमचं उत्तर स्वच्छ आलंय. आईनं तुमच्यासाठी जी जागा सोडली होती तिथं ते बसवून देतो. बरोबर बसतं, मी बघितलं. दोघींचं गाणं पूर्ण होईल."

त्याला वाटलं, मावशी आता डोक्यावरून हात फिरवतील.

"खबरदार!" जयवंताबाई म्हणाल्या. "त्या जागंले हात लावशीन तं याद राख. ते उत्तर आजच्यापुरतं व्हतं. उद्या मले दुसरं सुचन, परवा तिसरं. तू एक त्यात चिकटवून देल्लं का भांडन मिटलं, जयदीप. अन् मले ते मिटवाचं नाई."